होडीबाईंचा सैल कॉस्च्युम

पोहण्याच्या तलावावर त्यांना सगळे होडीबाई म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, आणि बाईंना दोन्ही चालत असे. हे नाव एका चिमुरडीने दिलेलं. ती पाण्याला इतकी घाबरायची की काठ सोडायला तयार नव्हती. समजावून झालं, चॉकलेटचं आमिष दाखवून झालं. शेवटी बाई पाण्यावर उताण्या झाल्या, हात पसरले आणि म्हणाल्या, "चल, बस माझ्यावर. मी होडी." मुलगी बसली, होडी हलली, आणि त्या दिवसापासून तेच नाव पडलं.

पुढे बाईंनी हीच शिकवण्याची रीत केली. मोठ्या बायकांनाही त्या असंच शिकवायच्या. स्वतः उताणं तरंगायचं, शिकणारणीचं डोकं आपल्या खांद्यावर घ्यायचं आणि हळूहळू उथळ भागातून फेरी मारायची. भेदरलेली बाई दोन फेऱ्यांत सैल पडायची. हे बाकीच्या शिक्षकांना जमत नसे, कारण ते स्वतःच नाकापर्यंत बुडत.

बाईंचं शरीर मोठं होतं. उगाच गुबगुबीत, भरलेलं असले लाडिक शब्द वापरण्यात अर्थ नाही. बाई जाड होत्या आणि स्वतःही तसंच म्हणत. लोकांनाच ते बोलल्याशिवाय राहवत नसे. शॉवरखाली केस धुता धुता एखादी विचारायची, "बाई, रोज एवढं पोहता, तरी बारीक कशा होत नाही हो?"

"देवमासा जन्मभर पोहतो," बाई म्हणायच्या. "त्याला विचारलंत का?"

घरी नणंद होती. म्हणजे राहायला दोन गल्ल्या पलीकडे, पण चहाला रोज इथेच. तिच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तिच्या तोंडाचा पट्टा जास्तच सुटला. "वहिनी, तू मुलीची मामी. फोटोत पुढच्या रांगेत येणार. अजून वेळ आहे, जरा मनावर घे की."

"बसवा की पुढे, ताई. माझ्यामागे तुमच्याकडची निम्मी मंडळी झाकली जातील. तेवढीच सोय."

बाईंचे यजमान बेकरीत भट्टीवर होते. ते पेपरात डोकं घालून हसायचे आणि बहिणीने बघितलं की खोकायचे.

तलावावर नवे मॅनेजरसाहेब आले तेव्हा या बोलण्याला सरकारी शिक्का मिळाल्यासारखं झालं. साहेब तरुण, याच गावचे, गोड बोलणारे. आधी व्यायामाची यंत्रं विकायचे. त्यांनी तिकीट खिडकीशेजारी एक मोठा फलक लावला, 'कालचे आम्ही, आजचे आम्ही'. एकेका माणसाचे दोन फोटो, आधीचा जाड आणि आताचा बारीक. आधीच्या फोटोत सगळे रडवेले, आताच्या फोटोत सगळे दात काढून उभे. जणू जाड असताना कुणी एकदाही हसलं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही या फलकाची शान व्हाल," साहेब म्हणाले. "तुमच्यासारखी केस आमच्याकडे दुसरी नाही."

"केस डोक्यावर असतात, साहेब. मी शिक्षिका आहे."

साहेब हसले, पण विषय सोडला नाही. दर पंधरवड्याला गोड आवाजात तेच.

इथपर्यंत बाईंचं बरं चाललं होतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आपलं काम चोख करायचं. पण एका सकाळी खोल भागातून बाहेर येताना लोखंडी शिडीवर त्या मध्येच थांबल्या. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले, छाती भात्यासारखी हलायला लागली, पायाला पुढची पायरी सापडेना. बाईंनी टोपी नीट करण्याचं सोंग केलं. टोपी बराच वेळ नीट होत राहिली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, पण बाई आतून हादरल्या. पाण्यात कुणी गटांगळ्या खायला लागलं आणि त्याला काढता काढता हेच झालं तर?

त्या गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, गुडघे झिजायला लागलेले. "वजन थोडं उतरवलंत तर तिन्हींना आराम पडेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि दम लागणंही कमी होईल." बाई शहाण्या विद्यार्थिनीसारख्या ऐकत होत्या. मग डॉक्टरीणबाई हसून पुढे म्हणाल्या, "शिवाय दिसालही छान. वय दहा वर्षांनी कमी वाटेल बघा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी वाईट दिसते म्हणून आले होते का तुमच्याकडे?"

"अहो, तसं नाही, जरा उत्साह यावा म्हणून..."

"मला दम लागतो म्हणून आले. दमाचं काय ते बोला."

पण त्या एका वाक्याने घोटाळा करून ठेवला. घरी जाताना बाईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. आपण बारीक झालो, तर नणंद म्हणणार, आलीस ना वळणावर. साहेब म्हणणार, पटलं ना, मॅडम. शॉवरखालच्या बायका टाळ्या पिटणार. कुणालाही आपले गुडघे दिसणार नाहीत, दिसणार ती फक्त कंबर. इतकी वर्षं ज्यांना पुरून उरलो, त्यांच्या हातात आपणहून झेंडा द्यायचा? नाही द्यायचा.

मग काही आठवडे बाईंनी काहीच केलं नाही. उलट नणंद समोर असली की नवऱ्याने आणलेला एक बन जास्त खायच्या, तिच्या नाकावर टिच्चून. तो बन नणंदेच्या नाही, आपल्याच रक्तात उतरतो, हे त्यांना कळत होतं. कळत असूनही त्या खात होत्या. जिद्द अशी आंधळी असते खरी.

त्यांना जागं केलं ते कॅशियरबाईंनी. या बाई बँकेत कॅशियर होत्या, होडीबाईंपेक्षाही अंगाने मोठ्या. त्या आधी दोन-तीनदा फाटकापर्यंत येऊन परत गेल्या होत्या. पोहण्याच्या कपड्यात लोक आपल्याकडे बघतील याची धास्ती. मग एकदा जाळीतून त्यांना काठावर गळ्यात शिट्टी घालून उभ्या असलेल्या होडीबाई दिसल्या आणि त्या सरळ आत आल्या. तर या कॅशियरबाई एकदा दोरी धरून चालता चालता खोल भागात घसरल्या. ओरडल्यासुद्धा नाहीत, नुसत्या खाली गेल्या. बाईंनी झेप घेऊन त्यांना धरलं, शिडीपाशी आणलं, खालून ढकलून वर चढवलं. मग स्वतः शिडी धरून पाण्यातच राहिल्या. चढायला अंगात त्राण नव्हतं. वर कॅशियरबाई खोकत होत्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायलासुद्धा बाईंना जाता येईना.

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, उद्यापासून माझ्यासाठी बन आणायचे नाहीत."

"बरं."

"आणि मी काही सोडलंय, कमी करतेय, हे कुणाला कळता कामा नये. ताईंना तर मुळीच नाही."

"आजारी असल्यासारखं काय लपवायचं त्यात?"

"आजारी आहे म्हणूनच लपवायचंय. ती कौतुक करेल."

यजमानांना हे फारसं कळलं नाही, पण भट्टीवर आयुष्य काढलेला माणूस; तापलेल्या वस्तूला हात लावायचा नाही हे त्याला ठाऊक होतं.

बाईंनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं खाणं बांधून घेतलं. गोड बंद, पाव मोजका, भाज्या भरपूर. पहाटे बेकरीच्या मागच्या रस्त्यावर चालायला जायच्या, कारण तिकडे ओळखीचं कुणी फिरकत नसे. पोटात कावळे ओरडायचे, भट्टीतून ताज्या पावाचा वास यायचा आणि बाई दात-ओठ खात पुढे जायच्या. नणंद आली की बशीत बिस्किटं घेऊन बसायच्या आणि बोलण्याच्या ओघात हळूच नवऱ्याच्या बशीत सरकवायच्या. यजमानांचं वजन त्या काळात चांगलंच वाढलं.

शरीर उतरायला लागलं, तसे बाईंनी झगे अजून ढगळ केले. खरी पंचाईत होती कॉस्च्युमची. पोहण्याच्या पोशाखात लपवणार काय आणि कुठे? गुडघ्यापर्यंतचा, लांब बाह्यांचा त्यांचा जुना काळा कॉस्च्युम कमरेला लोंबायला लागला. नवा घेतला तर सगळं उघड. मग बाईंनी सुईदोरा घेतला आणि जुन्या टॉवेलच्या घड्या करून कॉस्च्युमला आतून शिवल्या, पोटाशी आणि कमरेशी. आरशात बघितलं. होडी जशीच्या तशी!

उथळ भागात ते खपून गेलं. माणसांना काही कळलं नाही. पाण्याला तेवढं कळलं. एकदा खांद्यावर डोकं ठेवून तरंगताना कॅशियरबाईंच्या कानात पाणी गेलं.

"बाई, तुम्ही आज जरा खाली गेलात का?"

"पाणी वाढलंय," बाई म्हणाल्या. "काल टाकी जास्त सोडली."

इकडे शिडी सोपी होत चालली होती. साखर उतरणीला लागली, गुडघे कुरकुरायचे थांबले. आणि चहाला आलेली नणंद सुस्कारा टाकून म्हणायची, "तुझ्यात काही फरक नाही बाई. लग्न तोंडावर आलं." बाई मनातल्या मनात शिट्टी वाजवायच्या. एवढा आनंद त्यांना कुठल्या कौतुकाने झाला नसता.

मग शिक्षकांची वार्षिक परीक्षा आली. बाहेरून एक वयस्कर परीक्षक यायचे. खोल भागाच्या तळाशी टाकलेली जड रबरी वीट सूर मारून वर आणायची, मग एका माणसाला ओढत काठाशी आणायचं आणि न थांबता शिडी चढून बाहेर यायचं. जो नापास होईल, त्याने पाण्यात शिकवायचं नाही, तिकीट खिडकीत बसायचं. या शिडीसाठीच तर बाईंनी एवढा जीव आटवला होता. त्या दिवशी टॉवेल काढून ठेवावेत असं त्यांच्या मनात आलं होतं. पण साहेब काठावर कॅमेरा घेऊन उभे होते, सगळा स्टाफ जमला होता, महिलांची बॅचही बघायला थांबली होती. बाईंनी टॉवेल राहू दिले.

सूर झकास लागला. बाई खाली गेल्या, दरवर्षीपेक्षा झपकन गेल्या, वीट हाताला लागली. आणि वर येता येईना. सैल कॉस्च्युम त्याच्या गळ्यातून आत शिरलेल्या पाण्याने फुगला होता, टॉवेल पाणी पिऊन शिशासारखे झाले होते. पाय मारावेत तर कमरेला कुणीतरी मिठी मारून खाली ओढतंय असं वाटावं. बाईंच्या हातून वीट सुटली. त्या वर आल्या तेव्हा नाकातोंडात पाणी होतं. शिडी चढताना कॉस्च्युममधून बादलीभर पाणी धो धो गळलं.

परीक्षकांनी मान हलवली. "पुढच्या आठवड्यात पुन्हा एक संधी देतो. तोवर खिडकीत बसा."

साहेब जवळ आले. आवाजात साखर होतीच. "मॅडम, मी वर्षभर सांगत होतो. वजन. आता तरी पटलं?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. वजन उतरल्यामुळे आपण बुडालो, हे याला सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. त्या सरळ कपडे बदलायला निघून गेल्या.

घरी न्हाणीघरात यजमानांनी त्यांना टॉवेल पिळताना पकडलं. कॉस्च्युम उलटा करून त्यांनी शिवण बघितली, पुन्हा पुन्हा बघितली.

"हे घालून तू तळाशी गेलीस?"

"हो."

"मेली असतीस."

"नाही मेले ना?"

"ताईचं तोंड बंद ठेवायला?" एरवी यजमानांचा आवाज कधी चढत नसे. "अगं, इतके दिवस तू तिच्या मनासारखं व्हायचं नाही म्हणून जाड राहिलीस. आता तिला कळू नये म्हणून जाड दिसतेयस. दोन्ही वेळेला तिच्याचसाठी की!"

नवरा इतकं लांबलचक कधी बोलत नसे, आणि बोलला ते नेमकं वर्मी बसलं. बाईंनी कात्री आणली आणि टॉवेल उसवून काढले.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या. विक्रीला उभ्या असलेल्या मुलीने एक निळा कॉस्च्युम काढला. "यात एकदम स्लिम दिसाल, काकू."

"दिसण्याचं राहू दे. पाणी भरत नाही ना आत?"

खिडकीतला आठवडा वाईट गेला. पाण्याचा आवाज ऐकू यायचा आणि हातात तिकिटं. पण त्याहून अवघड परीक्षेची सकाळ होती. कपडे बदलायच्या खोलीतून बाई निळ्या कॉस्च्युममध्ये बाहेर आल्या आणि काठावरच्या सगळ्या माना वळल्या. मग जे व्हायचं ते झालंच. "अगंबाई!" "कधी झालं हे?" "काय घेता हो, आम्हाला पण सांगा!" "किती छान दिसताय!"

"आधी पोहू द्या," बाई म्हणाल्या. "मग बघा."

सूर, वीट, वर. वीट काठावर धप्पकन आपटली. परीक्षकांनी पाण्यात उतरवलेल्या माणसाला बाईंनी ओढत आणलं, त्याला कडेला टेकवलं आणि शिडी चढल्या. मध्ये थांबल्या नाहीत. टोपीला हात लावला नाही. वर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा श्वास जोरात होता, पण होता. परीक्षकांनी नुसतं "पास" म्हटलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

सगळ्या बायका भोवती जमल्या होत्या. एकट्या कॅशियरबाई बाकावर बसून होत्या, कपडेसुद्धा बदलले नव्हते, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. बाई त्यांच्याकडे गेल्या.

"आज उतरायचं नाही का?"

"नाही." कॅशियरबाई वर न बघता म्हणाल्या. "मी तुमच्याकडे बघून आत आले होते. म्हटलं, एक तरी जागा आहे जिथे आपल्यासारखं माणूस उजळ माथ्याने उभं आहे. आता तुम्हीही त्यांच्यातल्या झालात. आता इथे मी एकटीच."

हा टोमणा नव्हता, हे बाईंना कळलं. आपण लपवलं ते नणंदेपासून आणि साहेबांपासून. पण फसवलं ते हिला. पाणी वाढलंय म्हणून हिला सांगितलं होतं.

त्या ओल्या अंगाने बाकावर बसल्या. "तुम्ही खोल भागात घसरलात त्या दिवशी मी तुम्हाला वर चढवलं आणि स्वतः खालीच राहिले. का, ते माहीत आहे?"

"मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाकडे बघताय."

"चढताच येईना. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. साखर आहे मला, रक्तदाब आहे. त्या दिवशी अजून कुणी घसरलं असतं, तर मी शिडीला लोंबकळत बघत बसले असते. म्हणून केलं. दुसरं कारण नाही."

कॅशियरबाईंनी प्रथमच वर बघितलं. डोळे भरलेले, पण आवाज धारदार. "म्हणजे मीही कमी करावं, असंच ना? फिरून फिरून तिथेच!"

"ते तुमचं तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरने बघायचं. मी पोहायला शिकवते."

तेवढ्यात साहेब कॅमेरा घेऊन आलेच. चेहरा फुललेला. "मॅडम, कमाल! पूर्वीचा फोटो आहे माझ्याकडे. आताचा एक काढू, इथेच, निळ्या कॉस्च्युममध्ये. फलकाच्या मधोमध लावतो."

"नाही."

"अहो, लोकांना प्रेरणा मिळेल."

"कशाची? माझी शिडी येणार आहे का फोटोत? दम येणार आहे? नुसती कंबर येणार. आणि शेजारी जुना फोटो लावून तुम्ही सांगणार, ही बघा, आधी किती वाईट होती. साहेब, त्या वाईट बाईने अर्ध्या गावाला पोहायला शिकवलंय. तुमच्या बहिणीलासुद्धा."

साहेबांचा कॅमेरा खाली आला. "पण मग लोकांना कळणार कसं, की तुम्ही..."

"मी सांगते ना." बाईंनी शिट्टी वाजवली. महिलांची बॅच काठावर गोळा झाली. बाईंना भाषण करायची सवय नव्हती, त्यामुळे बोलणं पाण्यात सूचना दिल्यासारखंच झालं. "ऐका. मला शिडी चढताना दम लागत होता, म्हणून मी वजन उतरवलं. डॉक्टरला विचारून उतरवलं. छान दिसण्यासाठी नाही. मी आधीही छान दिसत होते. यापुढे माझ्या कमरेबद्दल कुणी बोललं, तर त्या दिवशी खोल भागात जास्तीच्या चार फेऱ्या. चांगलं बोललं तरी चार. चला, पाण्यात."

बायका खिदळल्या. एकीने विचारलं, "आणि मनातल्या मनात बोललं तर?"

"तर दोन."

नणंदेला दुपारी चहाच्या वेळी हेच ऐकावं लागणार होतं, फेऱ्यांऐवजी बिस्किटं बंद होणार होती. पण ते दुपारचं दुपारी.

बॅच पाण्यात उतरली, मागोमाग बाईही. बाकावर आता कुणी नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीचं दार वाजलं आणि कॅशियरबाई टोपी कानांवर ओढत, हनुवटी वर करून, साहेबांच्या अगदी समोरून चालत आल्या. शिडीपाशी येऊन त्यांनी होडीबाईंकडे रोखून बघितलं.

"मी रतीभरही कमी करणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"नका करू," बाई म्हणाल्या. "पाठ माझ्याकडे करा. दोन्ही हात शिडीवर. आता डावा पाय खाली."